शेजारच्या पाटावर

माझं लग्न ठरलेलं नव्हतं, तरी माझी केळवणं सुरू झाली आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या पाटासमोरचं जेवण संपायला लागलं.

केळवण खरं तर लग्न ठरलेल्या मुलीचं करतात. नातेवाईक तिला घरी बोलावतात, पाटाभोवती रांगोळी काढतात, ओवाळतात, गोडाधोडाचं वाढतात आणि साडी देतात. नवरा मुलगा सोबत असला तर त्याचाही पाट शेजारी मांडतात. पण मी तिशी ओलांडून बरीच पुढे आले होते आणि इचलकरंजीच्या सुनंदाआत्याचा धीर संपला होता. तिने आईला फोन करून सांगितलं की आपण क्रम उलटा करूया.

"माझ्या जावेच्या भाचीचं असंच केलं," आत्या म्हणाली. "आधी केळवणं उरकून घेतली. मग जमतंय आपोआप."

आईने हे मला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी हसले. आत्याच्या हातची पुरणपोळी खायला माझी कधीच हरकत नसते. शिवाय नाही म्हटलं असतं तर पुन्हा तेच सुरू झालं असतं, आम्ही काय जन्माला पुरणार आहोत का, आणि मग आईचा पदर डोळ्यांना. पदरापेक्षा पुरणपोळी बरी, असा साधा हिशोब मी केला.

आत्याकडे दोन पाट मांडले होते. दोन्ही पाटांभोवती रांगोळी होती, दोन्हींसमोर भरलेलं ताट होतं.

"हा कोणाचा?" मी विचारलं.

"असू दे की. एकटा पाट बरा दिसत नाही."

मी खाली मान घालून जेवले. वर बघितलं तेव्हा शेजारच्या ताटातला वरणभात आणि खीर संपली होती. पुरणपोळी, कुरडई आणि कोशिंबीर तशीच होती. ताटात बोटं फिरल्याची खूण नव्हती. मी टेबलाखाली, पडद्यामागे, दाराच्या फटीत बघितलं. घरात मांजर नव्हतं. आत्याने ते ताट बघितलं आणि तिला अजिबात नवल वाटलं नाही. तिने आणखी खीर वाढली.

"पोळी चावता येत नसेल अजून," ती म्हणाली. मग तिने माझ्या हातावर साडी ठेवली, साडीवर एक शर्टपीस ठेवला आणि म्हणाली, "आता नाव घे, केतकी."

"कोणाचं?"

"घे की कुठलंही. तुला आवडेल ते."

मी म्हटलं, आत्या, उखाणा लग्न झाल्यावर घेतात. ती हसली, पण माझ्या ओठांवरची नजर काही तिने काढली नाही. मला ते आवडलं नाही. घरी येताना बसमध्ये मी सारखी त्या नजरेचा विचार करत होते.

मी मिरजेत दातांच्या लॅबमध्ये काम करते. दवाखान्यांतून ठसे येतात, मी त्यांत प्लास्टर ओतते, साचे काढते, कवळ्या बनवते. माणूस समोर नसला तरी त्याचे दात बघून मला त्याचं वय सांगता येतं. म्हणूनच सांगलीला मामाकडे केळवण झालं तेव्हा माझं लक्ष शेजारच्या ताटातल्या पुरीकडे गेलं. पुरी चावलेली होती. चावा लहान होता, दातांमध्ये फटी होत्या आणि कडा गोल होत्या. ते दुधाचे दात होते.

मी मामीला दाखवलं.

"अगं बाई, दात आले वाटतं," मामी म्हणाली. तिने मामाला हाक मारून तो चावा दाखवला. मामाने चष्मा लावून बघितला आणि समाधानाने मान हलवली. मग दोघांनी मिळून त्या ताटात आणखी दोन पुऱ्या वाढल्या. मला कोणी काही वाढलं नाही, आणि तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं की माझं ताट शेजारच्या ताटापेक्षा लहान होतं.

मला राग आला. हे जे काही आहे ते जेवणावर वाढतंय, तर जेवणच मिळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. मी हात लांब करून शेजारच्या ताटातली चावलेली पुरी उचलली आणि खाऊन टाकली. भात खाल्ला, जिलबी खाल्ली, मठ्ठा पिऊन टाकला. पोटात काहीच गेल्यासारखं वाटलं नाही. मान वर केली तर मामी तोंडावर हात ठेवून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"बघितलंत का हो," ती मामाला म्हणाली, "उष्टं खातेय त्याचं. आता काय राहिलंय?"

"नाव राहिलंय," मामा म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याला दात आले होते, भूक होती, ताट होतं, पण नाव नव्हतं. नाव नसलेल्या माणसाची पत्रिका छापता येत नाही, त्याच्याशी मुहूर्त काढता येत नाही. आणि त्याला नाव माझ्याच तोंडून मिळणार होतं. म्हणून आत्या माझे ओठ बघत होती. त्या दिवसापासून मी ठरवलं की पुरुषाचं कुठलंही नाव उच्चारायचं नाही. देवाचं नाही, पुढाऱ्याचं नाही, दूधवाल्याचंही नाही. लॅबच्या मालकांना मी नुसतं सर म्हणू लागले. माझ्या धाकट्या भावालाही मी अरे, ए, ऐक ना असंच म्हणायला लागले, आणि त्याचं नाव मी इथेही लिहिणार नाही.

मला लग्नच करायचं नाही असं नव्हतं, हे स्पष्ट सांगते. एखादा माणूस भेटला असता, त्याच्याशी बोलणं जमलं असतं, तर केलंही असतं. पण बघून हो म्हणायचं होतं, आणि नाही म्हणायची सोय हवी होती. ताटातून वाढत जाणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

घरात सगळ्यांना माझा निश्चय कळला असावा. प्रत्येक जण आपापल्या परीने माझ्या तोंडून नाव काढायला बघू लागला. बाबा एरवी शब्दकोडं एकटे सोडवतात आणि मध्ये कोणी बोललेलं त्यांना खपत नाही. आता ते पेन हातात घेऊन माझ्यासमोर येऊन बसायचे.

"कृष्णाचं एक नाव. तीन अक्षरी."

"माहीत नाही."

"अगं, सोपं आहे. पहिलं अक्षर मा."

"मला नाही येत, बाबा."

मग ते स्वतःच नाव सांगायचे आणि थोडा वेळ कान देऊन बसायचे. काहीच व्हायचं नाही. त्यांनी सांगितलेलं चालत नव्हतं. ते निराश होऊन पेनाचं टोपण लावायचे आणि मला त्यांची दया यायची, पण मी गप्प राहायचे.

आईची रीत वेगळी होती. ती भाजी निवडताना सहज विचारायची, "तुझ्या वर्गात तो कोण होता गं, उंचसा, सायकलवरून यायचा? काय बाई त्याचं नाव?" किंवा म्हणायची, "समोरच्या सुलूवहिनींच्या नातवाचं बारसं आहे. नाव सुचव म्हणतायत." मी म्हणायचे, मुलगी असती तर सुचवलं असतं. आई मेथीच्या काड्या जरा जोराने मोडायची.

शेवटी एकदा मी तिला सरळ विचारलं, "आई, तो कोण आहे?"

"मला काय माहीत? मी कुठे पाहिलंय?"

"मग हे सगळं कोणासाठी चाललंय?"

"तुझ्यासाठीच की गं," आई म्हणाली, आणि तिचा आवाज इतका खरा होता की मला तिच्यावर संशय घेण्याची लाज वाटली. तरी मी घेतला. कारण ती बोलत होती तेव्हा तिच्या मांडीवर एक निळा शर्ट होता आणि ती त्याला बटण लावत होती. तो आत्याने दिलेल्या कापडाचा होता.

मी शिंप्याकडे गेले. तो आमच्याच गल्लीत बसतो, माझे ब्लाउजही तोच शिवतो.

"त्या निळ्या शर्टाचं माप तुम्हाला कोणी दिलं?"

"साहेब स्वतः आले होते."

"कोण साहेब?"

"तुमचे. बाह्यांना लांबी जरा जास्त ठेवायला सांगितली. अजून वाढतोय म्हणाले." त्याने टेप गळ्यात अडकवली आणि माझ्याकडे बघितलं. "नाव विचारायचं राहिलं बघा. पावतीवर काय लिहू?"

मी तशीच परत आले.

इस्लामपूरच्या काकूंकडच्या केळवणाला मी गेलेच नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि खोलीत पडून राहिले. दुपारी काकूंकडून डबे आले, एक माझा आणि एक त्याहून मोठा. मोठा डबा मी उघडला नाही, कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. संध्याकाळी कपाट उघडलं तेव्हा डबा घासून पुसून पालथा घातलेला होता. त्याच्यावर एक अर्धा पेढा ठेवला होता, माझ्यासाठी ठेवावा तसा.

तो अर्धा पेढा मी लॅबमध्ये नेला. पेढ्यात ठसा फार सुरेख उमटतो. मी त्यात प्लास्टर ओतलं, सुकू दिलं आणि साचा काढला. दात पूर्ण वाढलेल्या पुरुषाचे होते. कडा अजून झिजल्या नव्हत्या, म्हणजे वय विशीतलं. पुढचा एक दात जरासा तिरका होता, माझ्या बाबांचा आहे तसाच, आणि सुळा मामाच्या सुळ्यासारखा टोकदार होता. जबड्याची ठेवण आत्याची होती. ज्याने ज्याने वाढलं होतं त्याने त्याने थोडं थोडं दिलं होतं. त्यात माझ्यासारखं मात्र काहीच नव्हतं, आणि याचं मला बरं वाटलं.

लॅबच्या मालकांनी साचा माझ्या हातातून घेतला आणि उजेडात धरला.

"चांगले दात आहेत. पेशंट कोण?"

"माहीत नाही, सर."

"स्थळ बघताय का?" त्यांनी सहज विचारलं. "नाव काय मुलाचं?"

मी साचा परत घेतला आणि फरशीवर टाकून फोडला. सर रागावले नाहीत. त्यांनी झाडू आणून तुकडे स्वतः गोळा केले, कागदात बांधले आणि ती पुडी आपल्या खिशात ठेवली. आईचा फोन नंबर त्यांच्याकडे कसा, हे मला अजून कळलेलं नाही, पण त्या दिवशी मी घरी पोचायच्या आत आईला सगळं माहीत होतं.

यानंतर जागा कमी होत गेली. स्कूटर चालवताना मागचं चाक दबल्यासारखं वाटू लागलं आणि पेट्रोल लवकर संपू लागलं. माझ्या पलंगावर दुसरी उशी आली. मी ती रोज माळ्यावर टाकायचे आणि ती रोज परत यायची, तीसुद्धा भिंतीकडच्या बाजूला, जिथे मी झोपते. कपाटातले माझे कपडे एका कप्प्यात, मग अर्ध्या कप्प्यात मावू लागले. मी काही टाकलं नव्हतं. कपडेच लहान घडीत बसत होते. आरशासमोर उभी राहिले तर माझा एक खांदा चौकटीबाहेर जायचा, कारण मी नकळत कडेला सरकून उभी राहायला लागले होते. मी मुद्दाम मध्यभागी उभी राहायचे आणि मोजून पाहावं तशी पावलांकडे बघायचे. पावलं हळूच बाजूला व्हायची.

एका रविवारी सकाळी धाकटा भाऊ माझ्या खोलीच्या दारात आला. आत यायला जागा नव्हती म्हणून तो चौकटीला टेकून उभा राहिला. त्याचं मृदुलावर प्रेम आहे आणि मृदुलाच्या घरचे तारीख मागतायत. आमच्याकडे मोठीचं झाल्याशिवाय धाकट्याचं करत नाहीत.

"ताई, एक नाव घ्यायला काय जातंय तुझं?"

"तुला हे सगळं माहीत आहे?"

"मला काही माहीत नाही. मला तारीख सांगायचीय, एवढंच."

"आणि मग तो आला तर?"

"वाईट नाहीये तो," धाकटा म्हणाला. मग बोलून चुकल्यासारखा त्याने ओठ चावला.

मी त्याला लहानपणी कडेवर घेऊन फिरवलंय. मला फार वाईट वाटलं, रागही आला, आणि त्याच्यासाठी एकदा नाव घेऊन टाकावं असंही क्षणभर वाटलं. नाव जिभेवर आलंसुद्धा. कुठलं ते सांगत नाही. मी पाण्याचा घोट घेऊन ते गिळलं. तो मान खाली घालून निघून गेला आणि बाहेर आई त्याला विचारत होती, "घेतलं?" तो म्हणाला, "नाही."

त्याच रविवारी घरचं केळवण होतं. शेवटचं केळवण आईवडिलांकडे असतं. आत्या आली होती, मामा-मामी आले होते, काकू आल्या होत्या. लॅबचे मालकही आले होते आणि घरातल्या मोठ्या माणसासारखे सोफ्यावर बसले होते. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. त्यात एक जोड नवीन, मोठ्या मापाचा होता, आणि बाकीच्या चपला त्याच्यासाठी जागा करून कडेला लावलेल्या होत्या. मी दार उघडं राहावं म्हणून त्यात पायपुसणं अडकवलं. मामाने येताजाता ते काढून नीट पसरलं आणि दार लोटून घेतलं.

हॉलमध्ये दोन पाट होते. एका पाटाभोवती मोठी, रंग भरलेली रांगोळी होती. तिच्या महिरपीचं टोक माझ्या पाटाभोवती फिरवून आणलं होतं, म्हणजे दोघांचं त्यातच भागलं होतं. मी बसले. पाट इतका अरुंद होता की मला पाय पोटाशी घ्यावे लागले. शेजारचा पाट किंचित करकरला.

जेवण चाललं होतं तेव्हा मी एकदाही मान वळवली नाही. शेजारून जेवण्याचा आवाज येत होता. तो सावकाश, नीटनेटका जेवत होता. भुरके मारत नव्हता. आई वाढायला आली की माझ्या ताटाशी वाकायची आणि शेजारच्या ताटाशी जरा जास्त वाकायची.

मला सगळ्यात जास्त संशय याचा आला की आज मला कोणी नाव घे म्हणत नव्हतं. आत्याने माझ्या ओठांकडे बघितलं नाही. बाबांनी कोडं आणलं नव्हतं. लॅबचे मालक पापड मोडत होते. धाकटा भिंतीला टेकून फोनमध्ये बघत होता आणि मधूनच हसत होता, तारीख कळवून मोकळा झालेल्या माणसासारखा. मी दात घट्ट मिटून घेतले. वाट्टेल ते होऊ दे, माझ्या तोंडून काही निघणार नव्हतं.

ताटं उचलायच्या आधी आत्या उठून उभी राहिली आणि पदर सारखा केला.

"चला, आता नाव होऊन जाऊ दे."

मी मान हलवली. पण आत्या माझ्याकडे बघत नव्हती. सगळेच माझ्या शेजारी बघत होते. तिथे कोणीतरी घसा साफ केला. आवाज तरुण होता, थोडा लाजरा, आणि ऐकायला अजिबात वाईट नव्हता.

"घरोघरची केळवणं जेवलो, तरी पोट नाही भरलं. शर्वरीचं नाव घेतो, आता तेवढंच उरलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लॅबचे मालक वा वा म्हणाले. मामीने डोळे पुसले. ही शर्वरी कोण, असं मला झालं. आमच्या घरात शर्वरी नावाचं कोणी नव्हतं. मी वाकून दारात बघितलं, स्वयंपाकघरात बघितलं, कोणी मुलगी मागून आली असेल तर तिला सावध करायला हवं, हेही माझ्या मनात आलं. मग लक्षात आलं की आता सगळे माझ्याकडे बघतायत, आणि फार मायेने बघतायत.

"छान ठेवलंत हो नाव," आत्या शेजारच्या पाटाला म्हणाली. "शोभतंय तिला."

मी आईकडे बघितलं. मी केतकी आहे हे तिला तरी माहीत होतं. तिनेच ते नाव सुचवलं होतं, बारशाला आत्याने माझ्या कानात सांगितलं होतं. आईने माझी नजर चुकवली नाही. ती रडत होती आणि हसतही होती, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकी सुटका होती की मी तिच्यावर रागावूही शकले नाही.

"शर्वरी, पाणी," शेजारून आवाज आला.

मी सावधच होते. काही झालं तरी कुठलंही नाव तोंडातून जाऊ द्यायचं नाही, हे माझ्या पक्कं ध्यानात होतं. मी तांब्या उचलला.

"अहो," मी म्हणाले, "पेला पुढे करा."